मिशिगनमधलं उजाड लॉन: आत्ता बी टाकू की थांबू?

मेपलसावली | १४ एप्रिल

नमस्कार मंडळी. डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात आम्ही ऐन हिवाळ्यात घर घेतलं. तेव्हा सगळं बर्फाखाली होतं, आता बर्फ गेल्यावर लॉन दिसलं. आधीचे मालक बराच काळ तिथे राहत नव्हते, त्यामुळे देखभाल शून्य.

पुढे साधारण १५०० स्क्वेअर फूट, भरपूर ऊन, पण निम्म्यात डँडेलायन (पिवळ्या फुलांचं तण). रस्त्याला लागून असलेली पट्टी पूर्ण करपलेली. मागे २५०० च्या आसपास, तिथे दोन मोठे मेपल. त्यांच्याखाली नुसती माती आणि वर आलेली मुळं. कुंपणाच्या कडेने गोल पानांची, चुरगळली की पुदिन्यासारखा वास येणारी वेल पसरली आहे. मागेच मधल्या भागात गवत ओढलं की सतरंजीसारखं गुंडाळून हातात येतं, खाली मुळंच नाहीत.

शेजारी म्हणतात आत्ताच बी टाका. दुकानांतही बियांच्या पिशव्या दारातच रचून ठेवल्या आहेत. लॉनची कामं करणाऱ्या एकाने सगळं खरवडून तयार सॉड (मुळांसकट कापून आणलेलं गवत) अंथरायचा भाव दिला, तो आम्हाला झेपणार नाही. घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि ती दिवसभर गवतात असणार, म्हणून औषधं शक्य तितकी कमी हवीत. सुरुवात कुठून करू?

---

खुरपं | १४ एप्रिल

मेपलसावली, बी आत्ता टाकू नका. हे आधी सांगतो, कारण तुमचा उन्हाळा आणि पैसे दोन्ही त्यावर अवलंबून आहेत.

आपल्याकडच्या थंड हवेतल्या गवतांना (केंटकी ब्लूग्रास, रायग्रास, फेस्क्यू) १५ ते २४ सेल्सिअसची हवा मानवते. एप्रिलमध्ये माती गार असते, ब्लूग्रास उगवायला तीन-चार आठवडे घेतं. कोवळं रोप मुळं धरतं न धरतं तोच जून-जुलैचा उन्हाळा येतो. त्याआधी वसंतातच क्रॅबग्रासचं (एका उन्हाळी तणाचं) बी जमिनीत जागं होतं. वरच्या दोन इंचांत मातीचं तापमान काही दिवस सलग ५०-५५ फॅरनहाइट राहिलं की ते उगवू लागतं, म्हणजे फोर्सिथियाच्या झुडपाला पिवळी फुलं येतात तो सुमार. तुम्ही पाणी आणि खत घालणार तुमच्या गवताला, फोफावणार क्रॅबग्रास.

ऑगस्टअखेर सगळं उलट असतं. माती उबदार, रात्री गार, क्रॅबग्रासचं नवं उगवणं जवळपास थांबलेलं आणि पहिल्या कडक दहिवराला ते मरणारच. नव्या गवताला पुढच्या उन्हाळ्याआधी एक शरद आणि एक वसंत असे दोन हंगाम मिळतात. मी सगळ्यांना एकच खूण सांगतो: गणपती बसतात त्या सुमारास पेरणी. गणपती उशिरा असतील त्या वर्षी मात्र त्यांची वाट पाहू नका. दक्षिण मिशिगनमध्ये ब्लूग्राससाठी १५ सप्टेंबर ही शेवटची तारीख धरा.

मग तोवर काय? तोवर लॉन का मेलं ते शोधा. कारण तेच राहिलं तर नवं गवतही त्याच वाटेने जाईल.

ओल असताना लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसून बघा. सहा इंच सहज गेला तर उत्तम. दोन इंचांवर अडला तर माती घट्ट बसली आहे. आपल्याकडच्या नव्या वसाहतींत हे सर्रास आढळतं. बांधकामाच्या वेळी वरची काळी माती काढली जाते, खालच्या चिकणमातीवर अवजड मशिनं फिरतात आणि शेवटी त्यावर पातळ थर पसरून सॉड घालतात. दोन-चार वर्षं हिरवं दिसतं, मग मुळांना जागा उरत नाही. पाणी मुरत नाही, उन्हाळ्यात गवत करपतं, मोकळ्या जागेत डँडेलायन शिरतं. त्याचं सोटमूळ अशा मातीतही खोल जातं.

दुसरं, माती तपासून घ्या. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या एक्स्टेन्शनकडे (शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या विभागाकडे) टपालाने नमुना पाठवता येतो. सामू (पीएच), स्फुरद, पालाश सगळं कळतं. रिपोर्ट हातात येईपर्यंत चुना टाकू नका. आपल्या भागात चुनखडीमुळे माती बरेचदा आधीच अल्कधर्मी असते.

तिसरं, मोअरची उंची साडेतीन इंचांवर न्या आणि तिथेच ठेवा. एका वेळी पात्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापायचा नाही, कापलेलं गवत तिथेच पडू द्यायचं. गवताची जेवढी उंची तेवढी मुळांची खोली, आणि उंच गवताच्या सावलीत क्रॅबग्रासचं बी उगवायला कचरतं. यात औषध काहीच नाही.

---

बर्फाळवाट | १५ एप्रिल

खुरपं यांना पूर्ण अनुमोदन. मी मिनियापोलिसला आहे, आमचा पेरणीचा काळ तुमच्यापेक्षाही आधी संपतो, १५ ऑगस्टपासून तयारी लागते.

गुंडाळून येणाऱ्या गवताबद्दल: ती बहुधा हुमणी आहे. फावड्याने एक फूट बाय एक फूट चौकोन तीन बाजूंनी कापा, झाकणासारखा उघडा आणि इंग्रजी सी आकारात वळलेल्या पांढऱ्या अळ्या मोजा. निरोगी लॉन चौरस फुटाला दहापर्यंत अळ्या सोसतं, अशक्त लॉनला पाच-सहाही जड जातात. जपानी भुंगेरे जून-जुलैत बाहेर पडतात, गवतात अंडी घालतात, अळ्या ऑगस्टपासून मुळं खातात, हिवाळ्यात खोल जातात आणि एप्रिलमध्ये परत वर येतात. तुम्हाला दिसतंय ते मुख्यतः गेल्या शरदातलं नुकसान आहे. आत्ताच्या मोठ्या अळ्या औषधाला सहसा दाद देत नाहीत आणि लवकरच कोषात जातात.

रॅकून किंवा स्कंक रात्री लॉन उकरत असतील तर अळ्या आहेत असंच समजा.

---

मेपलसावली | १९ एप्रिल

बर्फाळवाट, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मागे दोन ठिकाणी चौकोन कापले. एकात आठ, दुसऱ्यात अकरा. स्क्रूड्रायव्हर पुढे अडीच इंचांवर अडला, मागे मेपलपासून लांब चार इंच गेला. मातीचा नमुना पाठवला आहे.

हुमणीसाठी मुलीच्या दृष्टीने त्यातल्या त्यात सौम्य काय?

---

खुरपं | १९ एप्रिल

क्लोरँट्रॅनिलिप्रोल. गावाकडे कोराजन म्हणून फवारतात त्यातला हाच घटक, इथे लॉनसाठी दाणेदार मिळतो. मधमाश्यांना आणि सस्तन प्राण्यांना त्याची विषारीता बरीच कमी आहे. तो सावकाश काम करतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये टाकला की ऑगस्टच्या नव्या अळ्यांना लागू पडतो. फक्त मागच्या अंगणात टाका, पाणी देऊन जिरवा आणि गवत पूर्ण वाळेपर्यंत मुलीला तिकडे जाऊ देऊ नका. पिशवीवरचं लेबल शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं.

पुदिन्याच्या वासाची वेल म्हणजे क्रीपिंग चार्ली. पुदिन्याच्याच कुळातली. आत्ता हाताने ओढलीत तर प्रत्येक पेरातून परत फुटेल. तिचं शरदात बघू.

---

ओंटारिओकर | २० एप्रिल

आमच्याकडून थोडी वेगळी बाजू. ओंटारिओत २००९ पासून घरच्या लॉनवर शोभेसाठी रासायनिक तणनाशकं वापरायला बंदी आहे. टू-फोर-डी नाही, ग्लायफोसेटही नाही. तरीही मिसिसागात आमच्या गल्लीत चांगली लॉन्स आहेत, म्हणून सांगतो की कमी औषधांत जमतं.

हुमणीसाठी आम्ही सूत्रकृमी (अळ्यांना मारणारे सूक्ष्म जंत) वापरतो. बागेच्या दुकानात फ्रीजमध्ये ठेवलेले असतात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, अळ्या लहान असताना, संध्याकाळी, भिजलेल्या मातीवर पाण्यातून सोडायचे आणि पुढचे काही दिवस माती ओली ठेवायची. कोरड्या मातीत किंवा भर उन्हात सोडले तर ते मरतात, आणि लोक म्हणतात उपयोग होत नाही. डँडेलायनवर लोहयुक्त फवारा मिळतो, पानं काळी पडून जळतात, गवताला काही होत नाही. मुळातून परत फुटतं, पुन्हा मारावं लागतं.

आणि क्लोव्हरला शत्रू मानू नका. पांढरं क्लोव्हर हवेतला नत्र मुळांच्या गाठींत साठवतं, आजूबाजूचं गवत हिरवं राहतं. मुलगी अनवाणी फिरणार असेल तर मात्र फुलं आली की कापत जा, फुलांवर मधमाश्या बसतात.

---

अंगणवेडी | २० एप्रिल

एक प्रश्न. आपल्याकडची हरळीच लावली तर? पुण्यात आमच्या बंगल्यासमोर तीच होती, तुडवली तरी मरायची नाही. गणपतीला दूर्वाही घरच्या मिळतील.

---

खुरपं | २० एप्रिल

अंगणवेडी, हरळी म्हणजे इथलं बर्म्युडा ग्रास. ते उष्ण हवेतलं गवत. टेक्सस, जॉर्जियात त्याचीच लॉन्स असतात. महाराष्ट्रात शेतकरी ज्या हरळीच्या काश्या खणून खणून दमतो, ती मिशिगनच्या हिवाळ्यात बहुधा तग धरत नाही. धरली तरी ऑक्टोबर ते मे तपकिरी राहील. दूर्वांसाठी कुंडीत लावा, थंडी सुरू झाली की दक्षिणेच्या खिडकीत आत आणा. अनेक घरांत अशी कुंडी असते.

---

मेपलसावली | ११ मे

मातीचा रिपोर्ट आला. सामू ७.६, स्फुरद भरपूर, पालाश कमी, सेंद्रिय घटक कमी. म्हणजे चुना नको हे नक्की झालं. खत कोणतं आणि किती?

---

बर्फाळवाट | ११ मे

पिशवीवरचे तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के. स्फुरद भरपूर असेल तर मधला आकडा शून्य असलेलं खत घ्या. मिशिगनमध्ये २०१२ पासून तसाही नियम आहे: माती तपासणीत कमतरता दिसली किंवा नवं लॉन लावायचं असेल तरच स्फुरद. आमच्या मिनेसोटात २००५ पासून राज्यभर आहे. हे नियम तळ्यांसाठी आहेत. स्फुरद पावसाबरोबर वाहून जातो आणि पाण्यात शैवाल माजतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये लेक इरीमधल्या अशाच शैवालाच्या विषामुळे टोलिडोच्या लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं होतं. तिथे मोठा वाटा शेतीचा होता, पण घरचं लॉनही त्याच गटारातून त्याच तळ्याला जातं. ड्राइव्हवेवर पडलेले दाणे झाडून परत गवतात टाका, एवढं तरी प्रत्येकाने करावं.

हिशोब सोपा आहे. एका वेळी १००० स्क्वेअर फुटांना जास्तीत जास्त १ पाउंड नत्र. पिशवीवर २४-०-१० असेल तर १ भागिले ०.२४, म्हणजे ४.२ पाउंड खत. तुमच्या ४००० ला साधारण १७ पाउंड. आत्ता याच्या निम्मं टाका. वसंतात गवत नत्र खाऊन नुसतं वर वाढतं. मोठा हात सप्टेंबरमध्ये मोकळा करायचा.

---

कोवळंऊन | १२ मे

मी शिकागोजवळ राहते. उन्हाळ्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. जुलैत ब्लूग्रास तपकिरी झालं की घाबरू नका, ते झोपी जातं. पात्याचा बुंधा चिमटीत धरून बघा, पांढरट आणि टणक असेल तर जिवंत आहे. त्याला दर दोन-तीन आठवड्यांनी अर्धा इंच पाणी पुरतं, तेवढ्याने बुंधा तगतो. हिरवं ठेवायचं असेल तर आठवड्याला एक ते दीड इंच, तेही एक-दोन वेळांत खोलवर, पहाटे. रोज संध्याकाळी पाइप घेऊन शिंपडायची सवय आपण घरून घेऊन येतो. त्याने मुळं वरच राहतात आणि रात्रभर ओल्या राहिलेल्या पात्यांवर बुरशी धरते. किती पाणी पडतं ते मोजायला ट्यूनाचा रिकामा डबा स्प्रिंकलरखाली ठेवा.

आणि बी घ्याल तेव्हा पिशवीचं चित्र बघू नका, मागचं छोटं लेबल बघा. 'इनर्ट मॅटर' ५० टक्के लिहिलं असेल तर निम्मं वजन रंगीत आवरणाचं आहे. 'अॅन्युअल रायग्रास' असेल तर ते पुढच्या वर्षी दिसणार नाही. 'वीड सीड' शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ हवं. जातीच्या नावाऐवजी 'व्हीएनएस' असेल तर जात सांगितलेलीच नाही. शेवटी तपासणीची तारीख. जुन्या बियांची उगवण घटलेली असते.

---

मेपलसावली | ६ ऑगस्ट

उंच कापण्याचा फरक दिसतोय. पुढे दाट झालं आहे, डँडेलायन मी आणि मुलगी पावसानंतर खुरप्याने काढतो, तिला लांब मूळ अख्खं निघालं की फार आनंद होतो. मागे मात्र मोठे भाग उघडेच आहेत. आता पेरणीचं नीट सांगा. बी कोणतं, किती?

---

खुरपं | ७ ऑगस्ट

पुढे ऊन आहे, तिथे ८० टक्के केंटकी ब्लूग्रास, २० टक्के बारमाही रायग्रास. ब्लूग्रास जमिनीखालून धुमारे सोडून स्वतः भरत जातं, पण उगवायला १४ ते २८ दिवस घेतं. रायग्रास आठवड्यात दिसतं आणि माती धरून ठेवतं. ते २० टक्क्यांच्या वर नेऊ नका, नाहीतर ब्लूग्रासला जागाच देत नाही. उघड्या मातीवर १००० स्क्वेअर फुटांना ३ पाउंड, विरळ गवतात त्याच्या निम्मं. ब्लूग्रासचं बी अगदी बारीक असतं, मुठीत धरलं की कमी वाटतं आणि लोक दुप्पट टाकतात. दाट उगवलेली रोपं एकमेकांना गुदमरवतात.

मागे सावलीच्या कडेला फाइन फेस्क्यू, ४-५ पाउंड. त्यालाही दिवसाला चारेक तास ऊन लागतंच. मेपलच्या थेट खाली कोणतंही बी टाकू नका. मेपलची मुळं वरच्या थरातलं पाणी आधी पितात, गवताला उरत नाही. तिथे लाकडी तुकड्यांचं आच्छादन पसरा, खोडाला न टेकवता. मुलीला खेळायला तीही चांगली जागा होते.

पेरणीच्या आदल्या आठवड्यात एरेटर भाड्याने आणा. दोन-तीन इंचांचे मातीचे गोळे उपटून बाहेर टाकतो तो, नुसते खिळे टोचणारा नको. आधी स्प्रिंकलरच्या तोंडांवर झेंड्या लावा. माती वाफशावर असताना चालवा, चिखलात नाही. पुढे अडीच इंचांवर अडलंय, तिथे आडवं-उभं दोनदा फिरवा. गोळे तिथेच फुटू द्या. गवत दोन इंचांपर्यंत कापा, दाताळ्याने माती ओरबाडा, बी अर्धं उभं आणि अर्धं आडवं टाका, हलकं दाताळं फिरवा, मग चाळलेलं कंपोस्ट पाव इंच. तुमचा सेंद्रिय घटक कमी आहे, कंपोस्टवर कंजुषी करू नका. बी मातीला चिकटलं पाहिजे. गवतावर वरवर पडलेलं बी पाखरांचं.

मग वरचा अर्धा इंच सतत ओलसर. दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी, तळं साचेल इतकं नाही. उगवलं की वेळा कमी करत पाणी खोल न्यायचं. साडेतीन इंच झाल्यावर धारदार पात्याने पहिली कापणी. दोन-तीन कापण्या होईपर्यंत तणनाशकाचं नाव काढायचं नाही.

---

टेम्सकाठी | ८ ऑगस्ट

इंग्लंडमध्ये आमचं दुखणं शेवाळ. सप्टेंबरमध्ये आयर्न सल्फेट, शेवाळ काळं पडलं की दाताळ्याने खरवडायचं, मग बी. पण ओल, सावली आणि घट्ट माती तशीच ठेवली तर शेवाळ परत येतं. आयर्न सल्फेटचे डाग फरशीवरून निघत नाहीत, पेव्हिंगजवळ जपून.

---

मेपलसावली | २१ ऑक्टोबर

पेरणी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात झाली. रायग्रास लगेच दिसलं, ब्लूग्रास सप्टेंबरच्या मध्यानंतर हिरव्या केसांसारखं बारीक वर आलं. मागचे उघडे भाग भरले. रस्त्याकडची पट्टी मात्र पुन्हा विरळच. शिवाय आता तीन गोष्टी: क्रीपिंग चार्ली, मेपलची पानं आणि त्या पट्टीचं काय करू?

---

खुरपं | २२ ऑक्टोबर

चार्लीवर ट्रायक्लोपायर हे तणनाशक चालतं, आणि हीच वेळ. पहिल्या दहिवराच्या आसपास वेल अन्न मुळांकडे पाठवते, त्याबरोबर औषधही जातं. फक्त कुंपणाच्या कडेला, हातपंपाने, वारा नसताना. वेल नव्या पेरलेल्या भागात शिरली असेल तर तिथे लेबलवरची अट पाळा. औषध नकोच असेल तर पाऊस पडून गेल्यावर दाताळ्याने वेल उचला आणि बाहेर फेका, कंपोस्टमध्ये नाही. वसंतात परत एकदा लागेल. तिथली सावली कमी करता आली, कुंपणालगतची खालची फांदी छाटता आली, तर सर्वांत चांगलं.

पानं झाडून पिशव्या भरू नका. जुन्या लॉनवर कोरडी असताना मोअरने बारीक करा, पात्यांमध्ये जिरतात. मिशिगन स्टेट विद्यापीठाने मेपल आणि ओकच्या पानांवर हे प्रयोग करून पाहिले आहेत, लॉनचं नुकसान झालं नाही. नव्या रोपांवर मात्र पानांचा ओला थर दोन दिवसही राहू देऊ नका. हलक्या हाताने किंवा ब्लोअरने काढा.

---

बर्फाळवाट | २२ ऑक्टोबर

पट्टीबद्दल मी सांगते. तिथे हिवाळाभर रस्त्यावरचं मीठ येतं, बर्फ ढकलणारी गाडी ते मीठ बर्फासकट तुमच्या कडेला रचते. मार्चअखेर जमीन मोकळी झाली की भरपूर पाणी सोडून मीठ खाली धुवायचं, हाच खरा उपाय. ड्राइव्हवेवर स्वतः टाकता ते मीठही कमी करा, आधी फावड्याने बर्फ काढा.

बी तिथे आत्ता टाकू नका. आत्ता उगवलं तर कोवळं रोप थंडीत जाईल. नोव्हेंबरच्या शेवटी, माती ४० फॅरनहाइटच्या खाली स्थिरावल्यावर टाका. ते झोपून राहतं आणि गोठण्या-वितळण्याने मातीला ज्या भेगा पडतात त्यांत आपोआप बसतं. मीठ सोसणारं फाइन फेस्क्यू घ्या, लेबलवर 'स्लेंडर क्रीपिंग रेड फेस्क्यू' शोधा. काही बी मरतं, म्हणून नेहमीपेक्षा थोडं जास्त घ्या. आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्या पट्टीवर क्रॅबग्रासचं प्रतिबंधक औषध टाकू नका, ते गवताचं बीही उगवू देत नाही.

---

मेपलसावली | २२ ऑक्टोबर

नोव्हेंबरअखेरसाठी बी आजच मागवते. त्या पट्टीला शेजाऱ्यांचीही हद्द लागून आहे, त्यांना विचारून दोघांची एकत्रच पेरू.